पहिला किल्ट लग्नात नको, साध्या शनिवारी घाला

उत्तरवारा (धागा)

स्कॉटलंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना इथल्या मित्राच्या लग्नाचं बोलावणं येतं, सोबत ‘किल्ट (इथल्या पुरुषांचा निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा) घालून ये’ असा आग्रह असतो. मग भाड्याच्या दुकानातून अख्खा पोशाख येतो आणि माणूस आयुष्यात पहिल्यांदा किल्ट नेसून थेट दोनशे पाहुण्यांत उभा राहतो. हा क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. आधी एखाद्या शनिवारी साधा स्वेटर आणि रोजचे चामडी बूट घालून किल्टमध्ये बाजारहाट करून या. लग्न त्यानंतर.

कारण असं की पहिल्या वेळी जे बिघडतं ते बहुतेक एकाच गोष्टीमुळे, उंचीमुळे. जीन्स कमरेच्या हाडावर बसते, किल्ट बेंबीच्या रेषेत बसतो. सवयीने तो खाली ओढला की काठ गुडघ्याखाली लोंबतो, मागच्या निऱ्या नितंबावर फाकतात आणि दर पाच मिनिटांनी वर ओढावा लागतो. माप घेताना पॅन्टचा आकडा सांगू नका. बेंबीवरून टेप फिरवा, तो आकडा दोन ते चार इंच जास्त निघतो. लांबीसाठी जमिनीवर गुडघे टेकून अंग ताठ ठेवा. काठ जमिनीपासून साधारण इंचभर वर राहिला की उभं राहिल्यावर तो बरोबर गुडघ्याच्या वाटीशी येतो.

नेसायची रीत: निऱ्या मागे, मधली निरी कण्यावर. आतला पदर डाव्या कमरेकडे न्यायचा, त्याचा पट्टा डाव्या बाजूच्या चिरेतून बाहेर काढून बकलात अडकवायचा. वरचा पदर त्यावरून उजवीकडे, झालर उजव्या मांडीवर. उजवीकडच्या दोन पट्ट्यांपैकी वरचा घट्ट, खालचा सैलसर. खालचा आवळला की समोरच्या सपाट भागावर आडव्या सुरकुत्या पडतात. पिन फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदर एकत्र टोचले तर पहिल्याच मोठ्या पावलाला कापड फाटतं.

एवढं अंगवळणी पडायला एक दिवस पुरतो. तो दिवस लग्नाचा नसावा.

लीथकर

उत्तरवारा, माहिती चोख आहे, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

लग्नात निम्मे पुरुष किल्टमध्येच असतात, नवरदेवासकट. नवख्या माणसाकडे कोणी बघत नाही आणि चुकलं तर शेजारचा पाहुणा हक्काने स्पोरन (कमरेला समोर लटकणारी थैली) सरळ करून देतो. शनिवारी रस्त्यावर तुम्ही एकटे असता. संकोचाने माणूस खांदे पाडून, हाताने काठ दाबत चालतो, आणि किल्ट वाईट दिसतो तो त्यामुळेच.

शिवाय खर्च बघा. हाताने शिवलेला आठ यार्डी लोकरी किल्ट पाचशे पौंडांच्या आसपास किंवा वरच. पुन्हा घालणार की नाही हे ठरलेलं नसताना तो का घ्यायचा? भाड्याच्या दुकानात मापं घेणारा माणूस रोज हेच करतो. फक्त पोशाख लग्नाच्या सकाळी नका आणू, दोन दिवस आधी आणा आणि घरी पूर्ण चढवून बघा.

त्यात नवखे अडकतात ते असं. घिली ब्रोग बुटांना जीभ नसते, नाड्या लांब असतात. त्या पुढे तीन-चार पीळ देऊन मागे न्यायच्या आणि घोट्याच्या जरा वर बांधायच्या. पोटरीवर चढवल्या तर तासाभरात घसरतात. मोज्याची घडी गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटं, गार्टर (मोजा धरून ठेवणारा पट्टा) त्या घडीच्या आत, त्याला लोंबणाऱ्या फ्लॅशच्या रंगीत पट्ट्या पायाच्या बाहेरच्या अंगाला. वेस्टकोट असेल तर कमरेचा रुंद पट्टा लावायचा नाही. स्पोरन वेस्टकोटच्या खाली तीन-चार बोटं.

आणि ‘केली’, म्हणजे इथला सामूहिक लोकनाच, सुरू व्हायच्या आधी स्पोरन फिरवून डाव्या कमरेवर घ्या. त्यातल्या ‘स्ट्रिप द विलो’ या नाचात गिरक्या लागोपाठ असतात. समोर लटकलेला स्पोरन कुठे आपटतो हे सांगायला नको.

निरीवाली

कपडे शिवणाऱ्या बाजूने लिहिते. तुम्ही दोघं प्रसंगावर भांडताय, मला प्रश्न कापडाचा वाटतो.

आठ यार्ड हा मानाचा आकडा नाही. प्रत्येक निरीत टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या चौकड्यांच्या कापडाच्या, चौकडीची पुनरावृत्ती आत दुमडली जाते, म्हणून मागून बघितल्यावरही चौकडी अखंड दिसते. तेवढ्याला साधारण आठ यार्ड लागतात. दुसरी पद्धत पट्टी जुळवायची, प्रत्येक निरीच्या मध्यावर एकच ठळक रेघ. फौजेतल्या किल्टची ठेवण अशी असते. नऊवारीच्या निऱ्या रोज हाताने घालून खोचतात, इथे त्या कंबरेपासून नितंबापर्यंत कायमच्या शिवलेल्या असतात आणि खाली मोकळ्या सोडतात. मोकळा भाग झुलतो तो कापडाच्या वजनाने. म्हणून यार्डाला १६ औंस वजनाचं कापड जड वाटलं तरी नवख्यासाठी तेच चांगलं. १३ औंसही चालतं. पॉलिस्टर-व्हिस्कोसचा पाच यार्डी किल्ट स्वस्त आणि घरी धुता येतो, पण त्याच्या निऱ्या उथळ असतात आणि वाऱ्याला लगेच उचलतात.

एडिनबराला असाल तर वेव्हर्ली स्टेशनच्या पायऱ्यांवरून हलका किल्ट घालून चढू नका. तिथे वारा खालून वर येतो, त्यामुळे समोरचं स्पोरन काही कामाचं नाही, उचलला जातो मागचा घेर. एक हात मागच्या निऱ्यांवर सपाट ठेवायचा, मूठ करून पकडायचं नाही. पकडलं की चुरगळतं.

सहावी_गल्ली

माझी हरकत वेगळी आहे. टार्टन कुळाचं असतं. मॅकडोनाल्ड किंवा कॅम्पबेलचं टार्टन कुळकर्ण्याने का नेसावं? भाड्याच्या दुकानात जे मापाचं मिळेल ते अंगावर येतं, याचा विचार दोन्ही बाजूंनी केलेला नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचं ते आहे त्यांच्या भावनेचा मान राखायला हवा.

निरीवाली

मान राखायचा याबद्दल दुमत नाही, पण इतिहास जरा नीट मांडू या. १७४६ च्या कायद्याने हायलँड (स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग) पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा टार्टनची लाट आली आणि ‘हे अमुक कुळाचं’ ही जोडी बऱ्याच अंशी त्याच काळात पक्की झाली. बॅनकबर्नच्या विल्सन विणकरांच्या १८१९ च्या नमुनावहीत कितीतरी नक्षी नोंदलेल्या आहेत. आज टार्टनची सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून. कुळाचं टार्टन परक्याने घालू नये असा कायदा नाही. राजघराण्याचं बॅल्मोरल मात्र त्यांच्या परवानगीशिवाय कोणी घालत नाही.

संकोच वाटत असेल तर ब्लॅक वॉच नावाचं टार्टन घ्या. गडद निळं-हिरवं, कोणा एकाच कुळापुरतं न बांधलेलं, आणि भाड्याच्या जवळपास प्रत्येक दुकानात असतं.

सहावी_गल्ली

ब्लॅक वॉच फौजेचं आहे, म्हणजे तिथेही कोणाची तरी भावना आहेच. पण आधी विचारून, समजून घालावं एवढंच माझं म्हणणं. यजमानाला ‘कुठलं टार्टन चालेल?’ असा एक निरोप टाकायला काय जातं?

लीथकर

हे मान्य. बरेचदा नवऱ्याकडचे लोक सगळ्यांसाठी एकच टार्टन ठरवतात, त्यामुळे विचारणं व्यवहाराच्या दृष्टीनेही बरं.

घडी_मोड

आतून काय घालायचं हे कोणीच लिहिलं नाही, आणि नवख्याच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो. माझं मत: पहिल्या वेळी गडद रंगाची, मांडीपर्यंत येणारी घट्ट चड्डी घाला, वादच नको. ‘खरा स्कॉट्समन काही घालत नाही’ हा आग्रह २०१० मध्ये स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटीच्या संचालकांनीच पोरकट आणि अस्वच्छ म्हणून खोडून काढला होता. भाड्याचा किल्ट पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या अंगावर जाणार असतो. आणि लोकर मांडीच्या आतल्या बाजूला घासते, दिवसभर चाललात तर कातडी सोलवटते.

मोज्यातली सुरी, स्कीन डू, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगली हा बचाव स्कॉटलंडच्या १९९५ च्या कायद्यात आहे. तरी नवख्याने ती घरीच ठेवावी. विमानात हातातल्या सामानात ती चालत नाही, आणि गर्दीच्या नाचात पात्याचं काही काम नाही.

उत्तरवारा

लीथकर, दोन दिवस आधी घरी पूर्ण पोशाख चढवा हे तुमचं म्हणणं माझ्या मुद्द्यात जोडून घेतो. खरेदीचा आग्रहही सोडतो. ज्याला पाचशे पौंड घालायचे नाहीत त्याने भाड्याचाच घ्यावा.

पण घरी आरशासमोर उभं राहून बसणं शिकता येत नाही, आणि लग्नात सहा तास बसायचंच असतं. खुर्चीकडे पाठ करा, दोन्ही तळहात नितंबावरून खाली फिरवत निऱ्या मांडीखाली सपाट करा, मग बसा. समोरचा पदर दोन मांड्यांच्या मध्ये खाली पडू द्या, त्यावर स्पोरनचं वजन येतं. गुडघे जवळ. निऱ्या न सारता धपकन बसलात तर त्या गोळा होऊन दुमडतात आणि दिवसभर मागे तिरकी घडी दिसत राहते. बारमधलं उंच स्टूल सगळ्यात अवघड, कारण समोरचे लोक खालच्या पातळीवर बसलेले असतात. गाडीतून उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर काढा. हे वीस-पंचवीस वेळा करूनच हाताला येतं. म्हणून शनिवारची एक फेरी माझ्या मते अजूनही हवीच, भाड्याच्या किल्टमध्ये का होईना. कॉफी प्यायला जा, तीन वेळा जागा बदला.

लीथकर

भाड्याचा किल्ट लग्नाआधी बाहेर घालून त्यावर कॉफी सांडली तर? ठेव जाईल आणि लग्नात डाग दिसेल. घरातच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर सराव करा. माझं मत तेच आहे.

निरीवाली

विकत घेणाऱ्यांसाठी एक. नवा किल्ट येतो तेव्हा मागच्या निऱ्यांवर आडवा पांढरा दोरा धावलेला असतो. ते कच्चे टाके निऱ्या प्रवासात हलू नयेत म्हणून घातलेले असतात. ती नक्षी नव्हे. घालण्याआधी प्रत्येक टाका बारीक कात्रीने कापून दोरा ओढून काढा, एका दमात खेचू नका, लोकरीचा धागा ओढला जातो. परत इस्त्रीला देताना तसेच टाके पुन्हा घालायचे आणि ओलं फडकं मध्ये ठेवून दाबायचं. प्रवासात घडी न घालता निऱ्यांच्या रेषेत उभा गुंडाळा आणि जुन्या लांब मोज्याच्या नळीत सरकवा.