वडिलांच्या डीमॅट खात्यातील शेअर गेले आहेत का, हे कसे तपासावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

माझे वडील निवृत्त माध्यमिक शिक्षक आहेत. २०१४ पासून त्यांचे डीमॅट (शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याचे) आणि ट्रेडिंग (शेअर खरेदी-विक्रीचे) खाते एका ब्रोकरच्या येथील फ्रँचायझीमार्फत चालते. ती चालवणाऱ्या गृहस्थांचे आमच्याकडे जाणे-येणे असल्यामुळे वडिलांनी पासवर्डसुद्धा त्यांच्याकडेच ठेवला. दर ऑगस्टमध्ये एका कंपनीचा लाभांश बँकेत जमा होत असे. यंदा पासबुक भरून आणले तेव्हा तो दिसला नाही. विचारल्यावर त्या गृहस्थांनी व्हॉट्सॲपवर हिशेबाचा एक तक्ता पाठवला, ज्यात सर्व शेअर जागच्या जागी आहेत. परंतु खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा नाही, हे काल समजले. शिवाय दरमहा २ टक्के देण्याच्या तोंडी बोलीवर वडिलांनी त्यांना दोन लाख रुपये रोख दिले आहेत. वडील म्हणतात, "पोरगा डोळ्यांदेखत वाढला, तो असे करणार नाही." त्या गृहस्थांना जाब विचारावा, की आधी तक्रार करावी?

प्रतिसाद १ (मिरज)

जाब नंतर विचारावा. व्हॉट्सॲपवरचा तक्ता कोणीही बनवू शकतो. शेअर कोणाच्या नावावर आहेत हे खात्रीने डिपॉझिटरी, म्हणजे शेअरची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणारी सीडीएसएल किंवा एनएसडीएल ही संस्था सांगू शकते. त्यामुळे फ्रँचायझीला वगळून, ब्रोकरच्या मुख्य कार्यालयाकडे वडिलांच्या सहीने पॅन आणि आधारच्या प्रतींसह अर्ज करून मोबाइल व ईमेल आधी दुरुस्त करून घ्यावेत. शेअर विकताना किंवा तारण ठेवताना मंजुरीचा ओटीपी याच क्रमांकावर जातो, आणि काँट्रॅक्ट नोटही (झालेल्या व्यवहाराचा ब्रोकरने दिलेला तपशील) नोंदलेल्या ईमेलवरच येते. क्रमांक दुसऱ्याचा असेल, तर मंजुरी आणि सूचना दोन्ही दुसऱ्याच्याच हातात राहतात. त्यानंतर डिपॉझिटरीकडे खाते उघडल्यापासूनचे व्यवहारांचे विवरणपत्र मागावे.

एक सोपी पडताळणी आजच करता येईल. कंपनीच्या रजिस्ट्रारला (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) पॅन आणि डीमॅट क्रमांक देऊन, लाभांशाच्या नोंदणी तारखेला (ज्या दिवशीच्या भागधारकांना लाभांश मिळतो, त्या दिवशी) वडिलांचे नाव भागधारकांच्या यादीत होते का, हे लेखी विचारावे. नाव नसेल, तर शेअर त्याआधीच गेले आहेत. नाव असेल, तर कदाचित बँक खात्याची नोंद बदललेली असेल.

हे प्रकार केवळ लहान गावात होतात असे नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, कार्व्ही स्टॉक ब्रोकिंग या ब्रोकरला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली, कारण ग्राहकांच्या मुखत्यारपत्राचा आधार घेऊन त्यांच्या शेअरचा गैरवापर झाल्याचे प्रथमदर्शनी आढळले होते. वडिलांनीही असे मुखत्यारपत्र दिले असेल, तर ते लेखी रद्द करावे.

प्रतिसाद २ (तासगाव)

बेदाण्याचे पैसे मीही अशाच बोलीवर दिले होते, म्हणून कळकळीने लिहितो. आपल्या दोन बाबी वेगवेगळ्या ठेवाव्यात. शेअरची तक्रार आधी ब्रोकरकडे लेखी करावी आणि समाधान न झाल्यास सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर एका वर्षाच्या आत नोंदवावी. तेथे ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. रोख रकमेला मात्र हा मार्ग लागू पडणे कठीण आहे, कारण ठरावीक परताव्याची हमी देण्यास ब्रोकरला व त्याच्या प्रतिनिधीला परवानगीच नाही, आणि अशा खासगी बोलीचा दावा शेअर बाजाराच्या (एक्सचेंजच्या) गुंतवणूकदार संरक्षण निधीतून सहसा मिळत नाही. त्यासाठी पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जावे आणि १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा येथे लागतो का, हे वकिलाला विचारावे. माझ्याकडे पावती नव्हती. मेसेज मात्र होते, आणि तेच कामी आले. आपण ते पुसू नयेत.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. रजिस्ट्रारचे उत्तर आज आले: नोंदणी तारखेला वडिलांचे नाव यादीत नव्हते. ते वाचून वडील बराच वेळ बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतःच कागद घेतला आणि मुख्य कार्यालयाला तक्रारअर्ज लिहिला. उद्या सकाळी तो स्पीड पोस्टाने जाईल.