दहा घरांसाठी टॉवर? होय, दहा घरांसाठीच!

डोंगरकड: काल इथे एकांनी लिहिलं, "डोंगरातल्या दहा घरांसाठी टॉवर म्हणजे उधळपट्टी. रेंज पाहिजे तर लोकांनी खाली राहायला यावं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. आमचा धनगरवाडा कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडीच्या वरच्या अंगाला. रेशनला थंब, पीएम किसानला ओटीपी, हे सक्तीचं कुणी केलं? आम्ही मागितलं होतं? आणि पैसा सरकारच्या खिशातला नाही. 2002 पासून टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातले 5 टक्के याच कामासाठी कापले जातात. आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. प्रत्येक रिचार्जमधून आपणच भरतोय.

राजारामपुरीकर: ते लिहिणारा मीच. 2022 मध्ये केंद्रानं 24,680 गावांत फोरजी पोचवायला 26,316 कोटी मंजूर केले. भागून बघा, गावामागे कोटीच्या वर!

डोंगरकड: त्यात पाच वर्षं चालवायचा खर्चही आहे, शिवाय टूजी-थ्रीजीवरची 6,279 गावं फोरजीला न्यायची आहेत. अर्धवट वाचून भागाकार करू नका.

गगनबावडा_पाऊस: टॉवर आला म्हणजे झालं का? आमच्यात जुलैत लाईट गेली की बॅटरी संपते, टॉवर गप्प. भारतनेट, म्हणजे ग्रामपंचायतींना केबलनं इंटरनेट द्यायची योजना, 2011 पासून ऐकतोय. ग्रामपंचायतीत पेटी बसली, पुढं रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली. जोडायला कोण येणार?

वारणाकाठ: टॉवर, केबल याच्या आधी लोकांना काय लागतं ते विचारा. 1998 मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या 70 गावांत संगणक आणले. शेतकरी वापरायचे कशाला? उसाचं वजन, तोडीची परवानगी, बिल बघायला. 2007 मध्ये संशोधकांनी तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून दाखवलं.

गगनबावडा_पाऊस: वारणा दुर्गम?? घरटी ऊस, पाठीशी कारखाना. त्याचे दाखले आम्हाला देऊ नका!

वारणाकाठ: सगळे वारणेवरच का घसरता? माझ्या वडिलांनी त्या संगणकावर बिल बघितलंय, कारखान्याचा हेलपाटा वाचला. ऊस काय आपोआप आला? सहकार उभा केला म्हणून आला.

गगनबावडा_पाऊस: सहकाराला पाणी लागतं, पाण्याला सपाट जमीन. आमच्याकडं कातळ आहे.

राजारामपुरीकर: मग गावात एकच फोन ठेवा. बांगलादेशात 1997 पासून बायका कर्जानं मोबाईल घेऊन गावाला कॉल लावून द्यायच्या. आपल्याकडंही एसटीडी बूथवर चाललंच की.

डोंगरकड: तेव्हा बोलण्यापुरता फोन लागायचा. आता ओटीपी ज्याच्या-त्याच्या नंबरवर येतो. माझी आई त्यासाठी खिंडीपर्यंत चढते. साठी उलटलेल्या बाईला खाली राहायला या म्हणणार? जनावरं कुठं बांधायची? विजेचं मात्र गगनबावडेकरांचं खरं आहे. सोलर आणि मोठी बॅटरी नसेल तर आमचाही टॉवर पावसाळ्यात मुकाच.

राजारामपुरीकर: 'खाली यावं' हे शब्द मागे घेतो. खर्चाचं नाही. सोलर आणि दुरुस्तीला माणूस ठरल्याशिवाय एक टॉवर मंजूर करू नये.

गगनबावडा_पाऊस: आणि तो माणूस तालुक्यातलाच पाहिजे. पुण्याहून येईपर्यंत दिवाळी उजाडते.