लेक्सान बॉडीवर ज्वाळा काढल्या, पण केशरी मळकट दिसतोय आणि रंग सुटतोय

पुणेरी_टुरिंग:
नमस्कार मंडळी, रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) १/१० टुरिंग कारची १९० मिमी रुंदीची लेक्सानची पारदर्शक बॉडी घेतली आणि पहिल्यांदाच एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनसारखं यंत्र, हातात धरला. काळी गाडी आणि बॉनेटपासून दारापर्यंत केशरी-पिवळ्या ज्वाळा, असं डोक्यात होतं. रंग आतून मारायचा असतो एवढं माहीत होतं म्हणून आतूनच मारला, आधी फ्लुरोसंट पिवळा मग केशरी आणि शेवटी सगळ्यावर काळा. बाहेरून बघितलं तर ज्वाळा एकदम मळक्या, चमक नाहीच. त्यात रविवारी गाडी कठड्यावर आदळली तर पुढून रंगाचे पापुद्रे निघाले, आता नखानेही सुटतायत. रंग क्राफ्टच्या दुकानातले ॲक्रिलिक, पाणी घालून पातळ केलेले. आठ दिवस रात्री जागून केलंय हो, खूप वाईट वाटतंय. काय चुकलं?

बग्गी_नाशिक:
भाऊ दोन वेगळ्या चुका आहेत. रंग सुटतोय कारण साधं ॲक्रिलिक वाळलं की कडक होतं आणि लेक्सान म्हणजे पॉलिकार्बोनेट, ते आदळलं की वाकतं, मग रंग वाकत नाही तो सुटतो. पॉलिकार्बोनेटसाठीचाच रंग घे. तामिया कंपनीचे स्प्रे घेणार असशील तर डब्यावर पीएस बघ, टीएस नको, तो कडक प्लास्टिकच्या मॉडेलसाठी असतो. आणि बॉडी आतून भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुतली होतीस का? साच्यातून काढताना आणि हाताळताना तेलकटपणा राहतो, त्यावर कुठलाच रंग धरत नाही. धुतल्यावर आत बोट लावायचं नाही.

मळकट का तर फ्लुरोसंट रंग झिरझिरीत असतो, त्याच्यामागे जे असेल ते आरपार दिसतं, तू मागे काळा दिलास. त्याच्यामागे पांढराच हवा. कँडी, म्हणजे आरपार दिसणाऱ्या चकचकीत रंगामागे चंदेरी देतात तसंच. आता क्रम असा ठेव, लिक्विड मास्कचे (वाळल्यावर रबरासारखा सोलता येणारा द्रव) आतून तीन-चार जाड हात दे, पूर्ण वाळू दे, ज्वाळा कापून घे पण सोलू नकोस. आधी बाकीचा भाग सोलून काळा मार, मग ज्वाळा सोल आणि रंग भर, शेवटी पांढरा. काळा आधीच पुढे बसलेला असतो त्यामुळे मागून काहीही मारलं तरी त्याला फरक पडत नाही.

पेण_रंगकाम:
मी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, आरसी हल्ली दोन वर्षं. दादा, मूर्तीवर आपण आधी फिकट मारतो आणि वर गडद शेड देतो, लेक्सानवर हे डोक्यातून पूर्ण काढावं लागतं कारण पहिला हात हाच सगळ्यात वरचा. ज्वाळेचं टोक लाल हवं तर लाल आधी, मग केशरी, पिवळा शेवटी. लाल मारताना हात आखडता घ्या, पिवळ्याच्या जागी लाल धूळ बसली तर ती नंतर झाकता येत नाही, मूर्तीवर येते, इथे नाही.

एअरब्रशला ०.३ मिमीची सुई असेल तर शेडिंगला १५ ते २० पीएसआय हवेचा दाब पुरे, भरणीला थोडं वाढवा. पहिला हात इतका हलका की नुसता धुरळा बसलाय असं वाटलं पाहिजे. ओला हात दिलात की रंग मास्कच्या कडेखाली शिरतो आणि ज्वाळेची धार जाते. दोन हातांमध्ये हेअर ड्रायर लांबून फिरवा, जवळ नेलात तर बॉडी वाकडी होईल. आणि पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा, हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लावा, आमच्याकडे जुलै-ऑगस्टात एवढी दमट हवा असते की नाहीतर रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडतात.

पुणेरी_टुरिंग:
धुतली नव्हती 😔 दोघांचेही मनापासून आभार. हीच बॉडी परत वापरता येईल का? आणि टपावर मुलीचं नाव देवनागरीत घालायचंय, ते आतून उलटं कसं लिहू?

बग्गी_नाशिक:
येईल. साधं ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने निघेल, वेळ लागेल पण निघेल. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा ॲसिटोन अजिबात लावू नकोस, बॉडी पांढरट पडते आणि तडकते.

नाव उलटं लिहायची गरजच नाही. बाहेरच्या संरक्षक फिल्मवर मार्करने सरळ लिही, आतून बघितलंस की तेच उलटं दिसतं, त्या रेषांवर मास्क काप. फिल्म निघून गेली असेल तर बाहेरून मास्किंग टेप लावून त्यावर लिही, आतून उजेडात दिसेल. ब्लेड कोरं घे आणि वजन न देता फिरव, फक्त मास्क कापला गेला पाहिजे. लेक्सानवर चर पडली की पुढच्या धडकेला तिथूनच भेग जाते, माझी एक बॉडी अशीच दारापाशी फाटली.

पेण_रंगकाम:
नाव लिहिताना शिरोरेषा जरा जाड ठेवा, बारीक पट्टी सोलताना तुटते. आणि कानामात्रा सोलायला चिमटा घ्या, नख लागलं की शेजारचा काळा खरवडला जातो.

पुणेरी_टुरिंग:
आज रात्री जुना रंग काढायला बसतोय. पीएसमधला काळा आणि पांढरा मागवलाय, पिवळा एअरब्रशसाठी पॉलिकार्बोनेटवाला शोधतोय. झाली की दोन्ही बाजूंचे फोटो टाकतो.