मेजर मार्केटिंग, मायनर सायकॉलॉजी – की उलटं?

गोदाकाठ

लेक बारावी कॉमर्स झाली, ७८ टक्के. तिला मार्केटिंगही शिकायचंय आणि मानसशास्त्रही. आमच्या वेळी असं बोलायचीही सोय नव्हती. कॉमर्सचा विद्यार्थी आर्ट्सच्या इमारतीत जायचा तो फक्त गॅदरिंगच्या तालमीला. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य विषय आणि एक दुय्यम, आलंय, म्हणजे कागदावर तरी दार उघडलंय.

घरात दोन तट पडलेत. यांचं म्हणणं, मेजर मार्केटिंगच हवं, मानसशास्त्र तोंडी लावण्यापुरतं. पोटापाण्याचं आधी बघा. माझं नेमकं उलटं. मी औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधं सांगणारी प्रतिनिधी, म्हणून लागले आणि सतरा वर्षं विक्रीत काढली. सेगमेंट (गिऱ्हाइकांचे गट), पोझिशनिंग (माल गिऱ्हाइकाच्या मनात कुठे बसवायचा), ते चार पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन), हे सगळं मला पहिल्या सहा महिन्यांत एरिया मॅनेजरने गाडीत बसल्या बसल्या शिकवलं. पण तीन मिनिटांच्या भेटीतला कुठला शब्द डॉक्टरच्या लक्षात राहतो, सकाळी हो म्हणणारा तोच डॉक्टर रात्रीच्या ओपीडीत नाही का म्हणतो, हे कुणी शिकवलं नाही. ठेचकाळत शिकले. म्हणून मला वाटतं मेजर मानसशास्त्र करावं. मार्केटिंग नोकरी शिकवतेच.

लेकीला विचारलं तर म्हणते, "तुम्ही दोघं आधी ठरवा, तोवर मी झोपते."

माझं मत खोडून काढा, राग नाही. फक्त "तिच्या आवडीचं करू द्या" एवढंच लिहून जाऊ नका. आवड ठरलेली आहे, क्रम ठरत नाहीये.

पाटीवाला_पेठेतला

'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी पहिल्यांदा ज्याने लावली त्याचं मेजर काय होतं, ते कळवावे.

ब्रँडवाला_दादर

मी तुमच्या यजमानांच्या बाजूने.

वीस वर्षं जाहिरात एजन्सीत होतो, अजूनही मुलाखती घ्यायला बसतो. बीए सायकॉलॉजीचा अर्ज आला की एचआरवाले तो आपल्याच खात्यात ओढतात, नाहीतर "काउन्सेलिंगला का नाही गेलात?" म्हणून विचारतात. मेजर मार्केटिंग असलं की पहिली चाळणी पार होते, आणि त्याखाली सायकॉलॉजी दिसलं की आम्ही जरा सावरून बसतो. क्रमाला अर्थ आहे तो इतकाच.

मानसशास्त्र लागतं, यात वाद नाही. ऐंशीच्या दशकात निरमा स्वस्त आणि सर्फ महाग. तेव्हा अलेक पदमसींच्या लिंटास या जाहिरात कंपनीने सर्फच्या जाहिरातीत ललिताजी उभी केली. पावडरीचे गुण सांगत न बसता, महाग घेणारी बाई उधळी नसते, हिशेबी असते, हे बाईच्याच तोंडून वदवलं. भाव तोच राहिला, भावाचा अर्थ बदलला. बाटाच्या किमतीच्या शेवटचे ते ९५ पैसे घ्या. किंवा शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० साली छापून आलेला जॅमचा प्रयोग घ्या. दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा टेबलापाशी थांबलेल्यांपैकी ३ टक्के लोकांनी विकत घेतले, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. हे सगळं एका लेक्चरमध्ये कळतं. त्यासाठी तीन वर्षं मेंदूचे भाग आणि फ्रॉइड कशाला घोकायचा?

मनमोकळं_सातारा

"एका लेक्चरमध्ये कळतं" म्हणणाऱ्यांचीच मला धास्ती वाटते.

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत रात्री दोन वाजता मोबाइलवर खरेदी करून हप्ते थकवलेली पोरं असतात. 'ऑफर संपायला ४ मिनिटं' हे उलटं घड्याळ कोणी बसवलं? 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं बटण दाबायला लावून माणसाला खजील करायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ 'डार्क पॅटर्न'ना मनाई करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. ती यादी वाचा. खोटी घाई, गुपचूप टोपलीत टाकलेली वस्तू, वर्गणीचा सापळा... आमच्याच पुस्तकाची अनुक्रमणिका कुणी उलटी वापरावी तशी वाटते.

माणसावर प्रयोग करायचा तर आधी त्याची संमती घ्यायची, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोटवून घेतात. निम्म्या लोकांना लाल बटण आणि निम्म्यांना हिरवं दाखवणाऱ्या कंपन्या कुणाला विचारतात? मानसशास्त्र दुय्यम ठेवून शिकलं की त्यातल्या युक्त्या तेवढ्या उचलल्या जातात आणि बंधनं वर्गातच राहतात. म्हणून ताई, करायचं तर मेजरच करू द्या. नाहीतर नकोच.

आणि एक. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण घेतल्यावरच मिळते. मायनरवर ते होत नाही. लेकीच्या मनात पुढेमागे तसं काही असेल तर आजच विचारून घ्या.

गोदाकाठ

क्लिनिकल तिच्या मनात नाही, विचारलं. पण मनमोकळंताई, विकणारा प्रत्येक जण फसवतोच असं नाही हो. मधुमेहाची गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी म्हणून आम्ही आठवणीचं कॅलेंडर वाटायचो. तेही मार्केटिंगच होतं.

प्रयोगवही

३१ वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी प्रयोगशाळेत गेली. दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचतो.

ब्रँडवाले, जॅमची बरणी जरा खाली ठेवा. २०१० मध्ये शाईबेहेन आणि सहकाऱ्यांनी अशा ५० प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य आला. पर्याय वाढले की माणूस कधी गोंधळतो, कधी खूश होतो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळच्या बहुतेकांत ठळक निष्कर्ष होता, पुन्हा करताना तो ३६ टक्क्यांतच मिळाला. आणि जेम्स व्हिकरी तर विचारूच नका. १९५७ मध्ये त्याने जाहीर केलं की सिनेमाच्या पडद्यावर क्षणभर 'पॉपकॉर्न खा' झळकवल्याने विक्री ५७.५ टक्क्यांनी वाढली. दशांश चिन्हासकट! १९६२ मध्ये त्यानेच कबूल केलं की हाताशी धड माहितीच नव्हती. तरी ही कथा आजही मार्केटिंगच्या वर्गात सांगितली जाते. एका लेक्चरमध्ये कळतं ते हे असं. काय टाकून द्यायचं ते कळायला तीन वर्षं लागतात.

गोदाकाठताई, मेजर केलं तरी लेकीला कुणाचं मन वाचता येणार नाही. हा नमुना कसा निवडला, तुलनेचा गट कुठे आहे, दिसणारा फरक निव्वळ योगायोग तर नाही ना, प्रश्नावलीतला प्रश्नच उत्तर सुचवतोय का, हे विचारायची खोड मात्र लागेल. बाजार संशोधनात याचे पैसे मिळतात. त्यासाठी सांख्यिकी करावी लागते. "गणित नको म्हणून सायकॉलॉजी" घेतलेल्या मुली शेवटच्या वर्षी चाचण्या आणि सांख्यिकीच्या पेपरला रडतात. दर वर्षी.

मनमोकळंताई, आपलं घरही फार सोवळं नाही. वर्तनवादाचा, म्हणजे मनाऐवजी फक्त दिसणारं वागणं अभ्यासणाऱ्या विचाराचा, जनक जॉन वॉटसन. त्याने तान्ह्या अल्बर्टच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती घातली, १९२० मध्ये निबंध छापला, आणि बाळाची भीती घालवायचं राहूनच गेलं. त्याच वर्षी त्याला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सोडावं लागलं आणि तो जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीत गेला. गंमत म्हणजे कंपनीने या थोर प्राध्यापकाला आधी मेसीज या न्यूयॉर्कच्या दुकानात विक्रेता म्हणून दोन महिने उभं केलं. गिऱ्हाईक बघून ये म्हणाले.

ब्रँडवाला_दादर

जॅम मागे घेतो. मनावर दगड ठेवून, कारण बारा वर्षं माझ्या प्रत्येक प्रेझेंटेशनची तिसरी स्लाइड तीच होती आणि एकाही क्लायंटने हरकत घेतली नाही.

पण मास्तर, तुमचाच मुद्दा माझ्याकडे वळतो. निम्म्याहून जास्त प्रयोग टिकत नाहीत तर मुलीने त्यालाच मुख्य विषय का करावं? मार्केटिंगमध्ये निदान महिन्याच्या शेवटी विक्रीचा आकडा येतो.

प्रयोगवही

आकडा येतो, पण तो कशामुळे आला हे तुम्हाला कळत नाही. जाहिरात दिवाळीत लागली, विक्री दिवाळीत वाढली, बोनस तुम्ही घेतला. दिवाळीला काय मिळालं?

गूळसाखर_कोल्हापूर

सकाळपासनं वाचतोय. आमचं तीन पिढ्यांचं किराणा दुकान. मेसीजची गोष्ट लई आवडली. पोरीला सुट्टीत दोन महिनं काउंटरवर उभी करा, मग मेजर-मायनर तिचं तीच सांगल.

शाम्पूची पुडी बघा. शिकलेली लोकं म्हणत्यात, गरीब गिऱ्हाईक, एकदम पैसं नसत्यात, म्हणून पुडी. असतंय तसं बी. पण आमच्याकडं बाटली परवडणारी बाई बी पुडीची माळच नेती. विचारलं तर म्हणाली, बाटली घरात आली की पोरं ओततात, पुडी दिली की एकीत भागवतात. म्हणजे ती शाम्पू घेत न्हाई, शिस्त विकत घेती. हे कुठल्या पेपरात येतं, मेजरच्या का मायनरच्या?

प्रयोगवही

दोन्हीकडे यायला हवं. माणूस आपल्याच हावेला अशी वेसण घालतो, हा रिचर्ड थेलर यांच्या अभ्यासाचा मोठा भाग. २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल.

गूळसाखर_कोल्हापूर

नोबेल ऱ्हाऊ दे सर. उधारी वसुलीवर कुणाचा अभ्यास असला तर तेवढा कळवा.

ग्लासगोकर

इकडे ब्रिटनमध्ये हा वाद जरा वेगळा चालतो. अर्जातच जोडविषय निवडता येतात, आणि सगळी मेख मधल्या शब्दात असते. 'अँड' असेल तर साधारण निम्मं-निम्मं, 'विथ' असेल तर पहिला विषय मोठा. स्कॉटलंडमध्ये ऑनर्सला चार वर्षं लागतात, त्यामुळे सुरुवातीला थोडं चाचपायला मिळतं. भाचीच्या वेळी आम्ही हे न बघता माहितीपत्रकातले फोटो बघत बसलो होतो. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेला जोडकोर्स असेल तरच पुढे मानसशास्त्रज्ञ होण्याची वाट सरळ राहते. नसेल तर नंतर आणखी एक रूपांतराचा कोर्स, म्हणजे आणखी एका वर्षाची फी. पाउंडात.

टीवायची_पोर

मी हेच करतेय. मॅनेजमेंट मेजर, सायकॉलॉजी मायनर. कुणी खरं सांगत नाही म्हणून सांगते.

मायनरचे तास उरलेल्या वेळेत बसवतात. आमचे सकाळी ७:१० ला, दुसऱ्या इमारतीत. मेजरचं लेक्चर ८ ला, मध्ये जिना. माणसाच्या गरजांची उतरंड दाखवणारा मॅस्लोचा पिरॅमिड मी आतापर्यंत तीन विषयांत तीन वेळा काढलाय. चौथ्यांदा सायकॉलॉजीच्या मॅडमनी सांगितलं की मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ निबंधात पिरॅमिड नाहीच. मार्केटिंगच्या सरांना सांगितलं तर म्हणाले, "परीक्षेत काढ." या एका वाक्यात आमचं सगळं मेजर-मायनर आलं.

पुढे एमए सायकॉलॉजी करायचं असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्याप्रमाणे मायनर विषयातही प्रवेश मिळू शकतो. पण विद्यापीठ स्वतःच्या अटी लावतं, त्या आधी वाचा. माझ्या मैत्रिणीने नंतर वाचल्या.

दोन_डगरी

एवढी डोकेफोड कशाला? यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांची मुभा दिलीय. बीकॉम कॉलेजात जाऊन करा, सायकॉलॉजी घरबसल्या मुक्त विद्यापीठातून.

मनमोकळं_सातारा

हा सल्ला जुना झाला. मानसशास्त्र धरून आरोग्याशी संबंधित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंदी घातलीय. कुणी आजही प्रवेश देत असेल तर पैसे भरू नका.

गोदाकाठ

आज दोन कॉलेजांत जाऊन आले. एका ठिकाणी मेजर मानसशास्त्र मिळतंय, पण त्याबरोबर मायनर म्हणून अर्थशास्त्र, इतिहास नाहीतर मराठी. मार्केटिंग फक्त कॉमर्सच्या मुलांना. खिडकीवरच्या बाईंना मी म्हटलं, धोरणात तर दुसऱ्या शाखेचं घेता येतं. त्या म्हणाल्या, "धोरणात आहे, टाइमटेबलमध्ये नाही." दुसऱ्या कॉलेजात मॅनेजमेंटबरोबर सायकॉलॉजी मायनर आहे, तुकडी एकच, तास सकाळी ७:२० ला.

म्हणजे क्रम मी नाही, यांनीही नाही, वेळापत्रकाने ठरवला. यांनी जिंकल्यासारखा चहा केला. मी अजून पहिल्या कॉलेजचा फॉर्म टाकलेला नाही. अर्थशास्त्र मायनर घेऊन मार्केटिंग नोकरीत शिकायचं, हाही रस्ता मला वाईट वाटत नाही.

लेक उठली, धागा वरपासून खालपर्यंत वाचला. तिचा एकच प्रश्न आहे, प्रयोगवही सरांना: सांख्यिकीच्या पेपरला सगळ्याच रडतात का?

प्रयोगवही

सगळ्या नाही. कॉमर्सकडून आलेल्या कमी रडतात. पहिल्या कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख काय आहे?