माइक रो : श्रमाचा गौरव की श्रमाची जाहिरात?

उंबरठा (धागाकर्ता)
'डर्टी जॉब्ज' या घाणीची, कष्टाची कामं स्वतः करून बघण्याच्या कार्यक्रमाचा सूत्रधार माइक रो अनेकांनी डिस्कव्हरीवर पाहिला असेल. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा हा गडी १९८४ साली तिथल्या ऑपेरात (संगीत नाटकात) गायला शिरला तो कलाकारांच्या युनियनचं कार्ड मिळावं म्हणून. १९९० मध्ये क्यूव्हीसी या टीव्हीवरच्या दुकानात लागला. निवडीच्या वेळी पेन्सिल हातात देऊन 'हिच्यावर आठ मिनिटं बोल' म्हणाले, हा बोलला! मग मध्यरात्री जागणाऱ्यांना काय वाट्टेल ते विकत बसला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत स्थानिक वाहिनीवर असताना आईचा फोन आला: आजोबा नव्वदीचे झालेत, डोळे मिटण्याआधी तुला कामासारखं दिसणारं काहीतरी करताना पाहू देत. आजोबा सातवीपर्यंत शिकलेले, इलेक्ट्रिशियन. नातू कॅमेरा घेऊन गटारात उतरला, आणि त्यातून पुढे 'डर्टी जॉब्ज' झालं.

माझं मत : हा हाडाचा विक्रेता आहे. आधी पेन्सिल विकली, मग घाम. एक दिवस चिखलात लोळायचं आणि संध्याकाळी हॉटेलात आंघोळ, याला श्रमप्रतिष्ठा म्हणायचं?

कढीपत्ता
असहमत. आपण कामगार आहोत असं तो कधी म्हणालाय? तिथे तो कायम शिकाऊ उमेदवार असतो, चुकतो आणि लोकांना हसू देतो. टेड या व्याख्यानांच्या मंचावरचं त्याचं २००८ सालचं भाषण ऐका. कोलोरॅडोत कोकरं खच्ची करायचं काम होतं. प्राणिमित्र संस्थेला आधी विचारलं, तर रबराचं कडं लावणं ही मान्य पद्धत. मेंढपाळाने मात्र चाकूने कापलं आणि उरलेलं दातांनी ओढलं. रो हादरला, चित्रीकरण थांबवून म्हणाला, 'कडं लावा.' कडं लावलेलं कोकरू वेदनेने थरथरत पडलं. कापलेलं जरा वेळात चरायला लागलं. आपण चुकलो, हे त्याने भर सभेत सांगितलं. नुसता विक्रेता हे सांगेल?

शिवाय त्याच वर्षी त्याने प्रतिष्ठान काढलं. वेल्डिंग, प्लंबिंग शिकणाऱ्यांना ते शिष्यवृत्ती देतं. तिकडे पदवीपायी पोरं कर्जात बुडतात, हे विसरू नका.

तिसरी घंटा
कोकराची गोष्ट उत्तमच, पण त्याच्या 'सेफ्टी थर्ड' (सुरक्षा तिसरी) या घोषणेचं काय? जागोजागी 'सुरक्षा प्रथम'च्या पाट्या लागल्या की माणूस गाफील होतो, आपला जीव आपणच सांभाळावा, असं तो म्हणतो. ऐकायला बरं वाटतं. पण अमेरिकेत १९७० मध्ये कामाच्या जागच्या सुरक्षेचा कायदा आला तो मालकाला जबाबदार धरण्यासाठी. यंत्राला जाळी लावायची कुणी, कामगाराने? २०१४ मध्ये त्याने वॉलमार्ट या कमी पगारासाठी टीका झेलणाऱ्या दुकानसाखळीच्या जाहिरातीला आवाज दिला तेव्हा कामगारांच्या बाजूचे लोक उगाच भडकले नव्हते. युनियनच्या कार्डासाठी गाणं शिकलेला माणूस हा, म्हणून जास्त खटकतं.

कढीपत्ता
माणूस गाफील होतो हे खोटं आहे का? तो जाळी काढा म्हणत नाहीये.

तिसरी घंटा
तो म्हणत नाही हो. त्याचं वाक्य घेऊन मालक म्हणतो.

पान्हा_१०_११
मी आयटीआय फिटर, वीस वर्षं कारखान्यात. दोघांचंही थोडं थोडं पटलं. स्थळं बघताना मुलीकडचे 'इंजिनिअर का?' विचारायचे आणि 'फिटर' ऐकलं की चहा लवकर यायचा. अशा घरात हा कार्यक्रम लागला तर मला आनंदच आहे. पण शिफ्ट संपल्यावर कौतुक नको, ओव्हरटाइम वेळेवर द्या. सन्मानाच्या कार्यक्रमात शाल-नारळ मिळालाय मला, तो महिना पगार उशिरा झाला होता. (नारळ चांगला निघाला.)

उंबरठा (धागाकर्ता)
पान्हाजी, +१. आणि गटारावरून आठवलं. रो तिथे उतरला तो हौसेने, आणि तिथला माणूस नोकरी म्हणून उतरतो. आपल्याकडे हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं गुदमरून मरतात आणि ती कुठल्या जातीची असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'कुठलंच काम हलकं नसतं' हे इथे कुणाला ऐकवायचं?

कढीपत्ता
हा दोष रोचा कसा? धागा बाल्टिमोरहून निघून आपल्या नाल्यात आला.

उंबरठा (धागाकर्ता)
दोष त्याचा नाही, मान्य. 'हाडाचा विक्रेता' हेही थोडं मागे घेतो, कोकरामुळे. वॉलमार्टची जाहिरात मात्र मागे घेणार नाही.