परत कधी येताय ते सांगा (फॅमिली ग्रुप)

मंदार: ताई, चिन्मयचं ग्रॅज्युएशन 17 मेला आहे. तुम्ही दोघं बोट घेऊन घरी नक्की कधी पोचताय? हॉलवाल्याला माणसांचा आकडा द्यायचाय.

अनघा: आम्ही बहामाजमध्येच आहोत, ग्रीन टर्टल के या बेटाजवळ नांगर टाकून. तारीख टाळत नाहीये रे, आत्ता खरंच सांगता येत नाही.

शैलाकाकू: अगं, नकाशात फ्लोरिडा बोटभर अंतरावर दिसतंय!

अनघा: काकू, तसं जवळच आहे. बहामाजच्या वेस्ट एंडहून फ्लोरिडातलं लेक वर्थ साधारण 55 सागरी मैल. पहाटे निघालं की दिवेलागणीला किनारा. पण मध्ये गल्फ स्ट्रीम हा समुद्री प्रवाह आडवा येतो. तो सतत उत्तरेकडे वाहतो, मधोमध ताशी तीन-साडेतीन सागरी मैलांच्या वेगाने. त्याच्यावर उत्तरेचा वारा समोरून आला की पाणी उभं राहतं. लाटा उंच तर असतातच, पण एकमेकींना चिकटून येतात. एक चढून होत नाही तोवर बोटीचं नाक दुसरीत घुसतं. तेवढाच वारा आग्नेयेचा असला तर तीच वाट सुखाची, वर प्रवाह बोटीला ढकलतोही.
म्हणून आमचा नियम साधा आहे. अंदाजात उत्तर, ईशान्य, वायव्य यातलं काहीही दिसलं की निघायचं नाही.

आई: मग आत्ता कुठला वारा आहे?

अनघा: काल दक्षिणेचा होता, सकाळपासून नैर्ऋत्येचा झालाय. म्हणजे थंड हवेचा फ्रंट येतोय. आता पश्चिम, मग उत्तर, मग ईशान्य असा फिरत जाईल. तो निवळला की समुद्र बसायला आणखी एक दिवस द्यायचा. एप्रिल संपत आला, फ्रंट विरळ झालेत, त्यामुळे संधी मिळेल. फक्त कोणत्या दिवशी ते तीन-चार दिवस आधीच कळतं.

शैलाकाकू: मग मे अख्खा तिथेच काढा की, घाई कसली?

अनघा: 1 जूनपासून चक्रीवादळांचा मोसम धरतात, 30 नोव्हेंबरपर्यंत. बऱ्याच विमा पॉलिसींत त्या काळात बोट ठरावीक अक्षांशाच्या वर असावी लागते. आणि फ्लोरिडा गाठलं म्हणजे घर आलं असं नाही ना, आपली चेसापीकची खाडी अजून कितीतरी उत्तरेला आहे.

मंदार: हॅटरासच्या भूशिराला बाहेरून वळसा घालणार का? तिथे फार जहाजं बुडालीत म्हणून विचारतोय.

अनघा: नाही. त्याच्या अलीकडे, नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्यूफोर्टला आत शिरायचं आणि तिथून नॉरफोकपर्यंत आतला जलमार्ग, सुमारे 200 मैल. उजेडी इंजिनावर जायचं, रात्री नांगर, चार-पाच दिवस लागतात. तिथे लक्ष असतं ते पुलांवर. पक्के पूल बहुतेक 65 फूट उंच, पण विल्करसनचा पूल 64. आमची डोलकाठी अँटेनासकट 62. शिवाय तिकडच्या खाड्यांत पाणी भरती-ओहोटीपेक्षा वाऱ्याने चढतं-उतरतं. म्हणून पुलाच्या खांबाजवळची पट्टी आधी दुर्बिणीतून वाचायची आणि मगच पुढे जायचं. हे 17 तारखेचा विचार डोक्यात ठेवून करायचं नसतं रे. तारीख गाठायची म्हणून माणसं नको त्या हवेत निघतात, आणि अपघात तेव्हाच होतात. मला कुणी ठिकाण विचारावं किंवा तारीख विचारावी, दोन्ही एकदम नाही.

मंदार: पटलं. पण मला तुमची तारीख हवीय, बोटीची नाही. बोट असेल तिथे ठेवून तुम्ही दोघं याल का?

अनघा: हे मात्र जमेल! 12 मेपर्यंत जे बंदर गाठू तिथल्या मरीनात बोट बांधतो आणि गाडीने येतो. इथून निघताच आलं नाही, तर मार्श हार्बरहून विमान. चिन्मयला सांग, आत्या आणि काका नक्की आहेत. दोन पानं धर.

आई: आणि समुद्रात असताना तुमचं कळणार कसं? मागच्या वेळी तो नकाशातला ठिपका रात्रभर हलला नव्हता, डोळा लागला नाही माझा.

अनघा: आई, ट्रॅकरचा संदेश कधी कधी उपग्रहापर्यंत पोचत नाही. ठिपका थांबला म्हणजे बोट थांबली असं नाही. या वेळी निघण्याआधी मंदारला कागद पाठवते. बोटीचा रंग, लांबी, कोण कोण आहे, कुठून कुठे, उशिरात उशिरा किती वाजता पोचू, आणि संकटात उपग्रहाला हाक देणाऱ्या आपत्कालीन बीकनचा नोंदणी क्रमांक. त्या वेळेपर्यंत माझा मेसेज आला नाही, तर मंदारने आम्हाला फोन लावत बसायचं नाही, सरळ कोस्ट गार्डला कळवायचं.

मंदार: कोस्ट गार्डचा नंबर आत्ताच सेव्ह केला. कागद आला की प्रिंट काढून फ्रीजवर लावतो. आई, तू रात्री त्या नकाशाकडे बघू नकोस, मी बघेन.

आई: बरं. पण पोचल्या पोचल्या आधी मला मेसेज कर, कस्टमवाल्यांना नंतर.

अनघा: आधी त्यांनाच कळवावं लागतं गं, अॅपवरून. तोवर पिवळा झेंडा लावून थांबायचं, जमिनीवर पाय ठेवता येत नाही. पण किनारा दिसला, रेंज आली की तुला तेव्हाच कळवते.

मंदार: हॉलवाल्याला आकडा दिला, तुम्हा दोघांना धरून.