वणवे फक्त बाहेरचे लोक लावतात असं नाही

वणवे शिकारी लावतात, म्हणून गावकऱ्यांना उन्हाळ्यात जंगलात जाऊच देऊ नये, असं काही जण म्हणतात. निदान पटतं, तेही अर्धंच. उपाय अजिबात नाही. आमच्याकडे बरीचशी आग मोहाच्या झाडाखाली सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटे गळतात, वाळलेल्या पाल्यात वेचताना दिसत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी खालचा पाला पेटवायचा. वारा सुटला की ती आग झाडाखालीच थांबते थोडीच! नेमक्या त्याच दिवसांत तितर-लावऱ्यांची अंडी जमिनीवर असतात, आणि मोहाची रोपंही त्यातच करपतात. माझी मामी आता पाला झाडूनच घेते, वर जुनी लुगडी अंथरते. फुलं माती न लागता मिळतात, व्यापारी भावात घासाघीस कमी करतो. काही ठिकाणी फुलं झेलायला हिरव्या जाळ्या वाटल्यात, त्या उत्तमच (अर्थात निम्म्या परसातल्या वांग्यांवर गेल्या).

दुसरं कारण तेंदूपत्ता, म्हणजे बिडीची पानं. कोवळी पानं यावीत म्हणून झुडपं छाटतात, आग लावतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क) मिळाला, त्यानंतर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. बांबूच्या विक्रीवर गाव चालतं, टेंभरं (तेंदूची फळं) माणसांना आणि पाखरांना राहतात. लोकांना हाकलून नव्हे, हक्क हातात आल्यावर त्यांनीच हे ठरवलं. आणि फायर लाइन (आग पुढे पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) जाळायला, आग विझवायला शेवटी वनखातंही गावातलीच पोरं बोलावतं ना?